जनगणना, नागरिकत्व आणि आमदार-खासदारांच्या जागा: सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

२०११ च्या जनगणनेत मी शिक्षक म्हणून प्रगणकाचं, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजायचं काम केलं, आपल्या पूर्व भागात. तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, माजी विद्यार्थी सगळे हेच प्रश्न विचारतात, आणि आता घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि प्रत्यक्ष लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मधे असं जाहीर झाल्यापासून तर फोन थांबतच नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

जनगणना आणि मतदार यादी एकच ना?

नाही. हा घोळ होतो कारण दोन्हीसाठी दारात येणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो. गेल्या वेळी तुमच्याकडं बीएलओ (मतदार यादीचं काम करणारा बूथ पातळीवरचा कर्मचारी) म्हणून आलेल्या बाई यावेळी प्रगणक म्हणून येऊ शकतात, पण त्यांच्या हातातलं काम वेगळं, कायदा वेगळा. मतदार यादी निवडणूक आयोगाची, तिच्यात फक्त १८ वर्षं पूर्ण झालेले भारतीय नागरिक. जनगणना गृह मंत्रालयाखालच्या जनगणना आयुक्तांची, १९४८ च्या जनगणना कायद्याखाली, आणि तिच्यात कालपरवा जन्मलेलं बाळसुद्धा येतं. जनगणनेत नाव दिलं म्हणून मतदार यादीत नाव येत नाही, त्यासाठी फॉर्म ६ वेगळा भरावा लागतो, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८.

जो भारताचा नागरिकच नाही त्याला पण मोजतात का?

हो, मोजतात. इथं राहणाऱ्या प्रत्येक माणसाला मोजतात. परदेशी वकिलातीतले राजनैतिक अधिकारी तेवढे वगळतात, ते काय आपल्या सोलापुरात नाहीत. अपार्टमेंटच्या खाली खोलीत राहणारा नेपाळचा वॉचमन, त्याची बायको, त्याची दोन पोरं, सगळी मोजली जातात.

मग मत न देणाऱ्या माणसामुळं खासदारांच्या जागा ठरतात? हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकसभेच्या जागा राज्याराज्यांत कशा वाटायच्या ते घटनेच्या कलम ८१ मधे आहे, आणि तिथं शब्द आहे लोकसंख्या. मतदार हा शब्द नाही, नागरिक हा पण नाही. विधानसभेसाठी कलम १७० आहे, तिथंही लोकसंख्याच. आणि लोकसंख्या म्हणजे काय तर जनगणनेत मोजलेली आणि प्रसिद्ध झालेली. मत कोण देणार ते कलम ३२६ ठरवतं आणि तिथं मात्र नागरिक असणं आणि १८ वर्षं पूर्ण असणं दोन्ही लागतं (आधी २१ होतं, १९८९ पासून १८ झालं).

म्हणजे मत देणं हा नागरिकाचा हक्क, आणि प्रतिनिधित्व मिळणं हा इथं राहणाऱ्या सगळ्यांचा. मला हे अगदी मनापासून पटतं. कारण विचार करा, तुमच्या वॉर्डात तिसरीतली पोरं आहेत, त्यांना मत नाही, पण शाळेची खोली गळते तेव्हा आमदारानं बघायचं कोणासाठी? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं ते फक्त मतदार पितात का? जिथं लहान पोरं जास्त, जिथं मोलमजुरीला बाहेरून आलेले लोक जास्त, तिथं फक्त मतदार मोजून जागा वाटल्या तर त्या भागाचा वाटा कमी होईल आणि काम मात्र तेवढंच राहील. जागा वाटताना डोकी मोजायची आणि मत देताना नागरिकत्व बघायचं हा घटनाकारांनी केलेला फरक विचारपूर्वक आहे, उगाच राहून गेलेली गोष्ट नाही.

प्रगणक नागरिकत्वाचा पुरावा मागणार का?

नाही. जनगणनेत तुम्ही सांगाल ते लिहायचं, कागद बघायचे नाहीत. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, काही काढून ठेवायची गरज नाही. २०११ च्या लोकसंख्येच्या तक्त्यात २९ प्रश्न होते, त्यात जन्म कुठं झाला, याआधी कुठं राहत होता हे होतं, तुम्ही भारतीय आहात का असा प्रश्न नव्हता.

लोकांच्या मनात भीती बसली ती एनपीआरमुळं. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही ही वेगळी गोष्ट, ती नागरिकत्वाच्या २००३ च्या नियमांखाली आहे, आणि २०१० मधे घरयादीच्या वेळीच तिची माहिती घेतली गेली होती म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटलं. दारात आलेल्या माणसाला सरळ विचारा, हा जनगणनेचा फॉर्म आहे का, आणि त्याचं ओळखपत्र बघा. बँक खातं, एटीएमचा नंबर किंवा पैसे कोणी मागितले तर तो प्रगणक नाहीच, दार लावून घ्या.

सांगितलेलं पोलिसांकडं नाहीतर टॅक्सवाल्यांकडं गेलं तर?

जात नाही. जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणं जनगणनेच्या नोंदी कोणाला बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत, अपवाद फक्त याच कायद्याखालच्या गुन्ह्यांचा. तुमचं घर भाड्याचं आहे, वरचा मजला विनापरवाना चढवलाय, हे सगळं तिथं धोक्यात येत नाही. पण उलट बाजूनं, खरं उत्तर देणं हे पण कायद्यानं बंधनकारक आहे, मुद्दाम नकार दिला तर दंड आहे.

घरातल्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलंच पाहिजे का?

नाही, आणि कायद्यातली ही ओळ मला फार आवडते. कलम ८ मधे स्पष्ट लिहिलंय की कोणालाही घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती नाही, आणि कुठल्याही बाईला नवऱ्याचं, वारलेल्या नवऱ्याचं किंवा रूढीप्रमाणं ज्याचं नाव घेता येत नाही अशा कोणाचंही नाव सांगायची सक्ती नाही. १९४८ साली कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की दारात उभी असलेली बाई नाव घेणार नाही. २०११ ला साखर पेठेत एका आजीनं मला नाव सांगितलंच नाही, नातीला पुढं केलं आणि म्हणाल्या ही सांगेल, आणि नातीनं सांगेपर्यंत त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. नाव नाही म्हणून माणूस गाळायचा नसतो, एवढं प्रगणकांनी लक्षात ठेवा.

आमच्या घरी विड्या वळतात, ते काम धरतात का?

धरतात, आणि धरून घ्याच. प्रगणक विचारतो, बाई काय करतात, आणि घरातला पुरुष म्हणतो "काय नाही, घरीच असते". त्याच वेळी ती बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, पान कापतीय, तंबाखू भरतीय, दोरा गुंडाळतीय, संध्याकाळपर्यंत विड्या मोजून कारखान्यात द्यायच्यात. घरी बसून पैशासाठी केलेलं काम हे कामच आहे. जागांशी याचा थेट संबंध नाही, पण सोलापुरात किती बायका कामगार आहेत हा आकडा यातूनच बनतो आणि पुढं घरकुलापासून दवाखान्यापर्यंत सगळं या आकड्यावर मागायचं असतं. म्हणून बाईनं स्वतः उत्तर द्यावं.

मातृभाषा तेलुगू सांगितली तर महाराष्ट्रात आमचं वजन कमी होईल का?

अजिबात नाही. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, जी घरात बोलता ती सांगा. जागा डोक्यावर ठरतात, भाषेवर नाही.

पोरगं पुण्यात नोकरीला आहे, त्याला कुठं मोजणार?

जिथं तो नेहमी राहतो तिथं. हिंजवडीत फ्लॅट घेऊन राहतोय, दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला येतो, तर तो पुण्याचा. होस्टेलवरची पोरं होस्टेलवर. आईला वाटतं रेशनकार्डावर नाव आहे तर इथंच लिहावं, पण तसं केलं की तो दोनदा मोजला जातो.

आता याचा जागांवर काय परिणाम होतो ते पुढच्या प्रश्नात बघा, मला स्वतःला ते बघून वाईट वाटलं होतं.

सोलापूर जिल्ह्याला ११ आमदार कसे ठरले?

सरळ भागाकार आहे. विधानसभेत २८८ जागा. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख, म्हणजे एका आमदारामागं साधारण ३ लाख ३६ हजार. आपल्या जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या ३८ लाख ४९ हजार, भागून बघा, ११.४ येतं. म्हणून ११. त्या वाटपात मंगळवेढा नावाचा मतदारसंघ पुसला गेला आणि तालुका पंढरपूरला जोडला गेला, पंढरपूर नावाचा लोकसभा मतदारसंघ गेला आणि माढा आला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगानं हे केलं, २००८ मधे लागू झालं आणि २००९ पासून निवडणुका त्यावर होतात.

आता २०११ च्या आकड्यांनी तोच भागाकार करा. महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, एका आमदारामागं ३ लाख ९० हजार. सोलापूर ४३ लाख १८ हजार, म्हणजे ११.०७. पुणे जिल्हा ९४ लाख २९ हजार, म्हणजे २४ च्या वर, आणि पुण्याला आज आहेत २१. दहा वर्षांत राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, आपण १२ टक्क्यांनी, पुणे ३० टक्क्यांनी. आपली पोरं तिकडं गेली, मिल बंद पडल्या, यंत्रमाग कमी झाले, ते सगळं या भागाकारात दिसतं. काठावर आलोय आपण. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की इथं राहणारा एकही माणूस मोजायचा राहता कामा नये, पुणेकराला ओढून आणून लिहू नका पण इथल्याला सोडू पण नका.

बार्शीचा खासदार धाराशिवचा का?

कारण लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे आपल्याकडं विधानसभेचे सहा (२८८ भागिले ४८). सोलापूर लोकसभेत मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पंढरपूर. माढ्यात करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस आणि वरून साताऱ्याचे फलटण, माण. उरली बार्शी, ती धाराशिवला. संख्या जुळवायची म्हटलं की जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते.

महाराष्ट्राच्या ४८ जागा इतकी वर्षं तेवढ्याच कशा?

गोठवल्यात म्हणून. खरं तर कलम ८२ म्हणतं प्रत्येक जनगणनेनंतर वाटप नव्यानं करा. पण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते थांबवलं, कारण कुटुंब नियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी झाल्या असत्या आणि ते त्यांना शिक्षा केल्यासारखं झालं असतं. मग ८४ व्या दुरुस्तीनं ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. त्यामुळं राज्याराज्यांतलं वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर आहे, तेव्हा देश ५५ कोटींच्या आत होता. राज्यांच्या आतल्या मतदारसंघांच्या सीमा तेवढ्या २००१ च्या आकड्यांवर, ८७ व्या दुरुस्तीमुळं.

नव्या जनगणनेची संदर्भ वेळ आहे १ मार्च २०२७ सुरू होतानाची मध्यरात्र. म्हणजे ती बरोब्बर २०२६ नंतरची. म्हणून एवढी चर्चा चाललीय.

मग आपल्याला फायदा की तोटा?

२०११ च्या आकड्यांवर बघू. एका खासदारामागं राजस्थानात साधारण २७ लाख ४० हजार लोक, बिहारमधे २६ लाख, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार, शेजारच्या कर्नाटकात २१ लाख ८० हजार, तामिळनाडूत साडेअठरा लाख, केरळमधे पावणेसतरा लाख. तेवढ्याच ५४३ जागा नुसत्या लोकसंख्येवर वाटल्या तर महाराष्ट्राचा हिशोब ५० च्या आसपास येतो, उत्तर प्रदेशचा ८० वरून ९० च्या जवळ जातो आणि केरळ २० वरून १५ वर येतं.

आपण मधोमध आहोत. माझं मत विचाराल तर दोन्हीकडचं म्हणणं खरं आहे. राजस्थानातल्या माणसाचं मत केरळातल्या माणसापेक्षा हलकं का असावं हा प्रश्न खरा, आणि ज्यांनी दोन पोरांवर थांबून पोरी शिकवल्या त्यांनी जागा का गमवाव्यात हा पण खरा. आपल्या शहरापासून तासाभरावर कर्नाटक लागतं, विजयपूरला नाहीतर कलबुर्गीला पाहुणे आहेत प्रत्येकाचे, त्यांच्याशी भांडून हे सुटणार नाही.

ऊसतोड कामगारांना कुठं मोजतात?

फेब्रुवारी म्हणजे गाळप जोरात. बीडकडच्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या फडात (उसाच्या शेतात) कोप्या, म्हणजे झोपड्या करून राहतात आणि गावाकडं घराला कुलूप. २०११ चा नियम असा होता की मोजणीच्या पूर्ण काळात, म्हणजे ९ ते २८ फेब्रुवारी, माणूस आपल्या घरी आलाच नाही तर त्याला जिथं सापडेल तिथं मोजायचं. म्हणजे बीडचा माणूस कागदावर सोलापूरचा होतो. आणि बरेचदा कुठलाच होत नाही, कारण गावातला प्रगणक कुलूप बघून पुढं जातो आणि इकडचा प्रगणक फडापर्यंत जात नाही. टोळी पहाटे फडात, रात्री ट्रॅक्टरवर. साखर कारखान्यांनी, मुकादमांनी आणि गावच्या सरपंचांनी प्रगणकाला सोबत घेऊन कोप्यांवर जावं, अंधार पडल्यावर जावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

माघी वारीला पंढरपुरात लाखो लोक येतात, ते पंढरपूरच्या लोकसंख्येत धरतात का?

नाही हो. चार दिवस दर्शनाला आलेला वारकरी त्याच्या गावीच मोजला जातो.

आम्ही २०११ नंतर कुंभारीला रे नगरात राहायला आलो, आमचं काय?

तुमचं उदाहरण तर मी सगळ्यांना देतो. ३० हजार घरांची वसाहत, जानेवारी २०२४ मधे पहिली १५ हजार घरं दिली गेली, आणि सरकारी लोकसंख्येत ती माणसं अजून शहराच्या पेठांत आणि झोपडपट्टीत दिसतात कारण शेवटची मोजणी २०११ ची. महापालिकेची जानेवारी २०२६ ची निवडणूक पण २०११ च्या लोकसंख्येवर, ९ लाख ५१ हजार धरून, १०२ नगरसेवक. पाणी, रस्ता, शाळा मागायला गेलं की पहिला प्रश्न लोकसंख्या किती. म्हणून यावेळी घरयादीत तुमच्या प्रत्येक घरावर नंबर पडलाय का ते बघा.

पोरगं इथं जन्मलं म्हणजे भारतीय नागरिकच ना?

जन्मतारखेवर आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ मधे भारतात जन्मलेला जन्मानंच नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यासाठी आई-वडिलांपैकी एक नागरिक लागतो. त्यानंतरच्यांसाठी दोघं नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे वर म्हटलं त्या वॉचमनची पोरं, आई-बाप दोघं नेपाळचे असतील तर, इथं जन्मूनही आपोआप नागरिक होत नाहीत. पण मोजली जातात.

राखीव मतदारसंघ बदलणार का? बायकांचं आरक्षण कधी?

अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, त्यामुळं नव्या आकड्यांनी बदलू शकतात. सध्या सोलापूर लोकसभा, मोहोळ आणि माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. बायकांसाठी एक तृतीयांश जागा २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीत आहेत, पण तिथंच लिहिलंय की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. २८८ चे एक तृतीयांश म्हणजे ९६.

यावेळी सगळ्यांची जात विचारणार?

हो, ३० एप्रिल २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं. सगळ्या जातींची मोजणी याआधी १९३१ ला प्रसिद्ध झाली होती. पोटजात की जात असा घोळ घरात आधीच मिटवा, एकाच घरात भावाभावांनी वेगळं सांगितलेलं मी बघितलंय.

भाचा अमेरिकेत आहे, तिकडं त्याला मोजतात का?

मोजतात. त्यांच्या घटनेच्या १४ व्या दुरुस्तीत (१८६८) प्रत्येक राज्यातली सगळी माणसं मोजून जागा वाटायच्या असं आहे, त्यामुळं व्हिसावर गेलेला आपला भाचा पण टेक्सासच्या खात्यात. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा प्रयत्न झाला, २०१९ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टानं अडवला. एक भीती अशी होती की परदेशी लोक घाबरून दारच उघडणार नाहीत. त्यांच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा कायम, म्हणजे एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते, आणि २०२० ला न्यूयॉर्कची एक जागा फक्त ८९ माणसं कमी पडल्यानं गेली. ८९! आपल्या एका गल्लीत जास्त असतात.

आपल्या जनगणनेत मात्र भाचा येत नाही, तो इथं राहत नाही ना. भारतीय पासपोर्ट असेल तर मतदार म्हणून नोंदवू शकतो, पण मत द्यायला इथं यावं लागतं.

ज्यांना घरच नाही त्यांचं?

२०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही स्टेशनवर गेलो होतो. बेघर लोकांची मोजणी देशभर त्या एका रात्रीतच करायची होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पोतं अंगावर घेऊन एक माणूस झोपला होता, मी हळूच उठवलं, तो दचकून उठून बसला, त्याला वाटलं हाकलायला आलेत. मग कागद बघून म्हणाला, "काय लिहिलालाव ओ सर?" मी म्हटलं तुमचं नाव. तो बराच वेळ गप्प बसला, मग पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव, आडनाव, गाव अक्कलकोट तालुक्यातलं. वय माहीत नव्हतं, म्हणाला, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतो तेव्हा मिसरूड फुटलेली. त्यावरून अंदाजानं वय लिहिलं.

प्रगणक आलाच नाही तर काय करायचं?

महापालिकेच्या किंवा तहसीलच्या जनगणना विभागात जाऊन सांगा, गप्प बसू नका. यावेळी मोबाईलवरून स्वतः माहिती भरायची पण सोय आहे, भरल्यावर नंबर मिळतो तो प्रगणकाला द्यायचा. आणि मागच्या बाजूला, जिन्याखाली, गोठ्याशेजारी कोणी भाड्यानं राहत असेल तर घरमालकांनी दाखवा. माझ्याकडून २०११ ला अशोक चौकाजवळ एक मागची खोली सुटली होती, बोळ इतका अरुंद की मला दिसलाच नाही, आत नवरा-बायको आणि एक बाळंतीण सून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणीला गेलो तेव्हा समोरच्या किराणावाल्यानं हाक मारून सांगितलं म्हणून सापडले. बाळ २६ फेब्रुवारीचं होतं. चार माणसं लिहिली.